स्वखुशीच्या चौकटीवर क्लिक होत नव्हता

या सदराच्या जुन्या वाचकांना माझं नाव माहीत असेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळावर ते बघून आठी पडत असेल. कुणी "घाटात बाई उभी दिसली" असं लिहिलं की खाली पहिली कॉमेंट माझी असायची — गाडीचे दिवे कुठल्या बाजूला होते, धुकं होतं का, सोबतचे मित्र कितपत शुद्धीवर होते. एकाने वैतागून मला "पुरावा मावशी" असं नाव ठेवलं होतं. मला ते आवडलंसुद्धा. आज तीच मावशी अनुभव लिहायला बसली आहे... हसून घ्या, मी थांबते. भूत, आत्मा, करणी, बाहेरची बाधा यातलं मी काहीही मानत नव्हते, आणि हे सगळं होऊन गेल्यावरही मानत नाही. जे झालं ते सांगते. त्यात कुणी आपल्या पदरचं घालू नये एवढीच अट आहे.

मी मनीषा. नगरला राहते — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच बसलंय — पुणे रस्त्याला, केडगावात. वडिलांनी बांधलेलं छोटं घर आहे, वर गच्ची. वडील आता नाहीत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, निवृत्त झाली. घरात आम्ही दोघीच. माझं लग्न झालेलं नाही, आणि त्यावर कॉमेंट नकोत.

माझं काम थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरून टेस्टिंग करते. आमचे लोक वेबसाइट बनवतात, आणि ती लोकांच्या हातात जायच्या आधी कुठे मोडते का ते मी बघते. आता एकच फॉर्म दिवसभर हाताने भरत बसलं तर माणूस वेडं होईल. म्हणून मी स्क्रिप्ट लिहिते. स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरला दिलेल्या आज्ञा — हे पान उघड, नावाच्या रकान्यात हे लिही, यादीतून तालुका निवड, या चौकटीवर टिक कर, "पुढे" दाब. ब्राउझर ते मुकाट्याने करतो. बऱ्याचदा तो स्क्रीनवर दिसतसुद्धा नाही, आतल्या आत चालतो आणि शेवटी सांगतो, पास की फेल.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कायदेशीर कागदांचे मसुदे घरबसल्या करून देणारी एक वेबसाइट आली होती. भाडेकरार, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. हक्कसोडपत्र म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या नावे सोडून देणं. कायद्यात कुणीही कुणासाठी सोडू शकतं. आपल्याकडे कोण सोडतं, ते तुम्हाला माहीत आहे. बहीण सोडते. भाऊ दिवाळीला येतो, साडीचोळी करतो, आणि बहिणीचं माहेर उघडं राहतं. हिस्सा मागितला की माहेर बंद.

आणि नेमकं त्याच महिन्यात मामा आमच्या घरी आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दत्तू. तो अकोले तालुक्यात, वर डोंगरात राहतो. आईचं माहेर तेच. भाताची खाचरं आहेत, त्यांवर आजोबांनंतर दोघांचीही नावं लागलेली. मामा वाईट माणूस आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून राहणारा तोच होता. त्या दिवशीही तो रिकाम्या हाताने आला नव्हता, घरचा तांदूळ घेऊन आला होता. चहा झाला आणि त्याने विषय काढला.

"अक्का, पोराच्या मनात लई हाय. काजव्याच्या दिवसात पुण्या-मुंबईची मान्सं येत्यात, वढ्याकडंच्या खाचरात तंबू टाकायचं म्हणतोय. पर कागदावर दोन नावं हायेत, तिथं काम आडतंय. तू तेवढी सही दिली म्हंजी झालं."

आई म्हणाली, "मी कुठे नाही म्हणतेय?"

मी मध्ये पडले. "मामा, तंबू आईचं नाव ठेवूनही टाकता येतील. ती काय उपटून टाकणार आहे का?"

"तू गप ऱ्हा गं. आमी भाऊ-भन बघू."

तो गेल्यावर मी आईशी भांडले. कारण ओढ्याकाठचं ते खाचर म्हणजे आईला नुसती जमीन नव्हती. ती लहानपणी तिथे आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, उतरायची. निवृत्त झाल्यापासून तिचं एकच चाललेलं — बांधाला लागून एक खोली बांधायची आणि पावसाळाभर तिथे राहायचं. खोलीचं दार कुठल्या बाजूला करायचं इथपर्यंत तिचं ठरलेलं होतं. आणि आता ती "मी कुठे नाही म्हणतेय" म्हणत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सही केलीस तर तुझ्याशी बोलणार नाही." ती म्हणाली, "नाही केली तर तो बोलणार नाही. कुणीतरी बोलणार नाहीच." आणि भाजी निवडायला बसली.

त्याच आठवड्यात मी हक्कसोडपत्राच्या फॉर्मची स्क्रिप्ट लिहिली. साधा फॉर्म होता. हक्क सोडणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, दोघांचं नातं, गट नंबर, आणि शेवटी एक चौकट — "मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने हा हक्क सोडत आहे." तिच्यावर टिक केली की "पुढे" बटण उघडतं. स्क्रिप्ट सगळं भरत आली आणि त्या चौकटीवर थांबली. फेल.

असा फेल आम्हाला रोजचाच आहे. चौकटीवर दुसरं काही आलेलं असलं — एखादी जाहिरात, लोड होतानाचं गोल चक्र — तर स्क्रिप्ट तिथे क्लिक करत नाही. ती कळवते की इथे क्लिक केला तर तो दुसऱ्याच कशाला तरी लागेल, आणि झाकणाऱ्या वस्तूचं नाव देते. आम्ही ती वस्तू शोधतो, बाजूला करतो, विषय संपतो. इथे कळवलं तेच होतं, फक्त नावाच्या जागी काही नव्हतं. फेल होताना स्क्रिप्ट फोटो काढून ठेवते. त्यात चौकट स्वच्छ मोकळी दिसत होती.

मी ओंकारला फोन केला. ओंकार म्हणजे ज्याने तो फॉर्म बनवला तो. त्याने त्याच्याकडे तीच स्क्रिप्ट चालवली. "माझ्याकडे पास आहे," तो म्हणाला. हे वाक्य ऐकून कुठल्याही टेस्टरचं रक्त उकळतं. मी थांबण्याची वेळ वाढवली, ब्राउझर बदलला, लॅपटॉप बंद करून चालू केला. फेल. मग नावं बदलली, तालुके बदलले. फेल. मग नातं बदललं... आणि पास. भाऊ भावासाठी हक्क सोडतोय, पास. आई मुलासाठी सोडतेय, पास. भाऊ बहिणीसाठी सोडतोय — असं कुठे होत नसलं तरी टेस्ट करावं लागतं — पास. बहीण भावासाठी सोडतेय, फेल. नावं कुठलीही घाला, फेल.

मला माहीत आहे, इथे काहींच्या अंगावर काटा आला असेल. माझ्या नाही आला. मला वाटलं ओंकारने नात्याप्रमाणे काहीतरी दाखवायचं ठेवलंय आणि विसरलाय. मी त्याचा कोड उघडून वाचला. असं काहीही नव्हतं.

मग मी दांडगाई केली. स्क्रिप्टला थेट पानाच्या आत शिरून चौकट टिक करायला सांगता येतं, मग वर काही झाकलेलं असो वा नसो. तसं केलं, आणि टिक झाली. पुढच्याच ओळीत मी तपासत होते की टिक आहे ना, तर नव्हती. मधल्या मध्ये कुणीतरी काढलेली. आता ब्राउझर प्रत्येक क्लिकसोबत एक खूण ठेवतो, की हा क्लिक पानाच्या आतल्या कोडने केला, का बाहेरून, म्हणजे माऊसने किंवा बोटाने झाला. मी ती खूण नोंदवायला लावली. टिक करणारा क्लिक कोडचा होता. टिक काढणारा बाहेरचा, म्हणजे खऱ्या हाताचा होता.

ब्राउझर तेव्हा स्क्रीनवर नव्हताच. आतल्या आत चालत होता. माऊस त्यात कुठून पोहोचणार? ओंकार म्हणाला की स्क्रिप्टचा साधा क्लिकही बाहेरचाच धरला जातो. बरोबर आहे, मलाही माहीत आहे. पण त्या ओळीनंतर माझ्या स्क्रिप्टमध्ये क्लिकची दुसरी आज्ञाच नव्हती. मी त्याला फाइल पाठवली. त्याने बघितली आणि म्हणाला, "तू झोप नीट घेतेयस ना?"

आणि हे सगळं भर दुपारी चाललेलं. बाहेर ट्रक भोंगे वाजवत होते, आई शेजारच्या खोलीत कैरीचं लोणचं घालत होती. भीती वाटायला वातावरण लागतं म्हणतात, ते काहीही नव्हतं. मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या लॅपटॉपमध्ये, माझ्या स्क्रिप्टमध्ये, माझ्या परवानगीशिवाय कुणीतरी क्लिक करत होतं.

कंपनीच्या ऑफिसला लॅपटॉप घेऊन गेले. तिथे सगळ्यांसमोर चालवलं, पास. ओंकारने मिसळ खाऊ घातली आणि "तुझ्या घरचं व्होल्टेज" यावर दोन विनोद केले. संध्याकाळी केडगावला परत आले, चालवलं, फेल. मॅनेजरने मेसेज केला की तेवढी एक केस वगळून टाक, बाकी सगळं पास आहे ना? मी नाही म्हटलं. फेल आहे तर रिपोर्टमध्ये फेलच जाईल. त्यांनी रागाचा चेहरा पाठवला. पाठवू दे.

यानंतर मामाचा फोन आला. आईने स्पीकरवर लावला होता.

"अक्का, म्या देवीला कौल लावला हुता. उजवं फूल दिलं तिनं. म्हन्ली, करा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्या डोंगरात देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. घर बांधणं असो, लग्न असो, कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. आई चाळीस मुलांच्या वर्गात विज्ञान शिकवायची, पण देवीपुढे ती दत्तूचीच बहीण. फोन ठेवल्यावर तिने कॅलेंडरवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुढच्या सोमवारी तालुक्याला रजिस्ट्रीत जायचं. तू येतेस का?"

खरं सांगते, तेव्हा मला मोह झाला. माझ्याकडेही एक कौल होता की. लॅपटॉप आईसमोर उघडायचा, ती स्क्रिप्ट चालवायची आणि सांगायचं, बघ, बहीण भावासाठी सोडतेय म्हटलं की ही चौकट टिकच होऊ देत नाही. तिने क्षणात मानलं असतं. हात जोडले असते आणि सही केली नसती. मला हवं तेच झालं असतं. पण मग माझ्यात आणि मामाच्या फुलात फरक काय राहिला? एका कौलावर दुसरा कौल टाकून आईचा हात अडवायचा, हे मला मान्य नव्हतं. मी तिला एक अक्षर सांगितलं नाही. आजही वाटतं, या सगळ्यात मी केलेली एवढी एकच गोष्ट बरोबर होती.

सोमवारच्या आदल्या दिवशी आम्ही संगमनेरवरून एसटीने अकोल्याला आणि तिथून जीपने मामाच्या गावी गेलो. दुपारी आई ओढ्याकडे फिरायला गेली. मी ओसरीत बसून मोबाइलच्या नेटवर काम उघडलं. कपाळकरंटेपणा म्हणा, ती स्क्रिप्ट चालवलीच. या वेळी ब्राउझर स्क्रीनवर दिसेल असा ठेवला, म्हटलं डोळ्यांनी बघू. मामा पानाची चंची घेऊन शेजारी येऊन टेकला.

रकाने आपोआप भरायला लागले. मामाला मजा वाटली. "आरं, आपोआप लिवतंय की. हात बी लावत न्हाईस तू."

"हेच माझं काम आहे मामा."

नातं — बहीण, भाऊ. गट नंबर. मग चौकट, आणि स्क्रिप्ट थांबली. मामा म्हणाला, "का थांबलं?" मी ट्रॅकपॅडवर बोट ठेवून स्वतः चौकटीवर क्लिक केला. टिक आली. मी हात उचलून मांडीवर ठेवला. आम्ही दोघं बघत होतो आणि ती टिक गेली. बाण चौकटीपासून लांब, मी सोडला होता तिथेच होता. मी पुन्हा केली. पुन्हा गेली.

मामा पुढे वाकला. चौकटीपुढची ओळ त्याने बोट फिरवत वाचली. "कोणत्याही... दबावाशिवाय... स्वखुशीने..." मग त्याने चंची बंद केली आणि उठला. "बिघाडलंय तुजं मशीन," म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. रात्री जेवताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

सोमवारी रजिस्ट्रीत गर्दी होती. साक्षीदार होते, मामाचा मुलगा होता. आई नीट इस्त्रीची साडी नेसून बाकावर बसली होती, शाळेच्या तपासणीला बसायची तशी. नंबर आला. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता, सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "दस्त वाचला का? मजकूर मान्य आहे? स्वखुशीने करताय ना?"

आई म्हणाली, "वाचलाय."

साहेब थांबले. आई पण थांबली. मग म्हणाली, "स्वखुशीने नाही."

आता साहेबांनी मान वर केली. "बाई, मग नोंदणी होणार नाही."

"बरं," आई म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

बाहेर चिंचेखाली मामाने तिला गाठलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "अक्का, देवीचा कौल हुता."

"देवीने तुला कौल दिला दत्तू. माझ्याकडे तिने काही मागितलं नाही."

"ह्या पोरीनंच काल तुला मशीनवर दावलं आसंल. टिकत न्हाई न् काय न् काय. समदं हिनंच केलंय."

"कसलं मशीन?" आई म्हणाली.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही सांगितलं. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. तो मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसला आणि निघून गेला. आम्हाला स्टँडपर्यंत सोडायचंही त्याला सुचलं नाही.

एसटीत मी न राहवून विचारलं, "एवढं सगळं ठरवून आली होतीस, मग?" आई खिडकीबाहेर बघत होती. "तो म्हणत होता कर, तू म्हणत होतीस करू नको. विचारलं त्या साहेबांनीच," ती म्हणाली. "विचारल्यावर खोटं कसं सांगायचं?" मला हे थोडं लागलं. लागायलाच हवं होतं.

घरी येऊन आधी लॅपटॉप उघडला. बहीण, भाऊ, गट नंबर, चौकट. पास. पुन्हा पास. तीच खोली, तोच लॅपटॉप, आई शेजारच्याच खोलीत. तेव्हापासून ती स्क्रिप्ट एकदाही अडलेली नाही.

तुम्हाला वाटेल मी हरखले असेन. मी वैतागले. अडत राहिली असती तर कधी ना कधी मी कारण शोधलं असतं. आता शोधायला काही उरलंच नाही. ओंकारला वाटतं मी त्याची गंमत केली. मामाला वाटतं मी डाव टाकला. दोघांनाही मी सांगून थकले.

आणि आता तुमचं. खाली तुम्ही काय लिहिणार आहात ते मला पाठ आहे — "आजीचा आत्मा असणार, लेकीच्या पाठीशी उभा राहिला." माझी आजी आज असती ना, तर तिनेच आईचा हात धरून सही करवून घेतली असती, वर म्हणाली असती, भावाला देणार नाहीस तर कुणाला देशील? देवी म्हणाल तर देवीने उजवं फूल दिलं होतं. आणि कुणीही असो, अडवलं त्याने एका खोट्या फॉर्मवरच्या खोट्या बहिणीला. खऱ्या कागदापुढे माझी आई एकटी बसली होती. तिथे कुणी तिचा हात धरला नाही, कुणी टिक काढली नाही. नाही म्हणाली ती तिच्या तोंडाने. ते श्रेय मी कुठल्याही न दिसणाऱ्या हाताला देणार नाही. ज्याला द्यायचं असेल त्याने स्वतःच्या आईचं द्यावं.

फुकट काही झालं नाही, हेही सांगते. मामाचा फोन बंद झाला. राखीला आला नाही. दिवाळीत भाऊबीजेला आईने सकाळपासून तबक भरून ठेवलं — कुंकू, सुपारी, निरांजन. संध्याकाळी शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "वहिनी, चंद्र दिसतोय बघा, त्याला ओवाळून घ्या." भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. आई म्हणाली, "भाऊ आहे मला. चंद्राला कशाला ओवाळू?" आईने तबक तसंच फडक्याने झाकलं आणि मला म्हणाली, "उद्या सकाळची गाडी बघ."

"तो बोलणार नाही, आई."

"नको बोलू दे. माहेरी जातेय का मी? माझ्या खाचरात जातेय."

डोंगरात भाताची कापणी चालली होती. ओढ्याकाठचं खाचर पिवळं होऊन वाकलं होतं, आणि मामा शेजारच्या खाचरात एकटाच कापत होता. आईच्या खाचरात लावणी त्यानेच केली असणार, पण कापणीला त्याने तिथे हात लावला नव्हता. आम्हाला बघून तो उभा राहिला, पण पुढे आला नाही. आई बांधावरून चालत त्याच्यापर्यंत गेली. तळहाताचा आडोसा करून तिने निरांजन लावलं, त्याला कुंकू लावलं आणि ओवाळलं. तो मान खाली घालून उभा होता. टोपी सरळ करायची त्याला आठवली, एवढंच.

मग त्याने तिच्या खाचराकडे बोट केलं. "तुजं तू काप. म्या हात लावनार न्हाई."

"दे विळा," आई म्हणाली.

त्याला वाटलं नव्हतं ती मागेल. मलाही नाही. त्याने विळा दिला. आईने पदर खोचला, तबक माझ्या हातात दिलं आणि आपल्या खाचरात उतरली. वाकली की तिचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. पहिली मूठ तिने कापली, दुसरी निसटली. मामा बांधावर उभा राहून बघत होता. चौथ्या मुठीला तो बोलला.

"आशी न्हाई धरत मूठ अक्का. बोटं कापशील."

"दाखव मग," आई म्हणाली, आणि मान वर न करता कापत राहिली.

तो खाली उतरला की नाही ते मी सांगणार नाही, तो त्या दोघांचा प्रश्न आहे. माझ्या चौकटीचं म्हणाल तर अजूनही मला कळलेलं नाही. ती फाइल माझ्याकडे आहे, दोन्ही क्लिकच्या खुणांसकट. कुणी शहाणा असेल तर त्याने तपासावी. आत्मा वगैरे सांगायला मात्र येऊ नये, माझी आई जिवंत आहे आणि तिच्या खाचरात उभी आहे.